दार उघडणारं कोण?

घरातल्या छळाची एखादी बातमी वाचली की आपल्या तोंडून एक प्रश्न हमखास निघतो, ‘इतकी वर्षं ती गप्प कशी राहिली?’ विचारणाऱ्याच्या मनात बहुधा सहानुभूतीच असते. पण त्या प्रश्नानं सगळी जबाबदारी नकळत तिच्याच पदरात पडते. इतिहास वाचताना मला हा प्रश्न जरा फिरवून विचारावासा वाटतो. ती बोलली असती, तर कुणाशी? रात्री-अपरात्री घराबाहेर पडली असती, तर कुणाच्या दारात जाऊन उभी राहिली असती? आणि ते दार उघडलं असतं का? महाराष्ट्रातल्या गेल्या दीडशेहून अधिक वर्षांची गोष्ट या अंगानं पाहिली, तर कायद्यांच्या कलमांपेक्षा निराळंच काही हाती लागतं.

बायका पूर्वी अजिबात बोलतच नव्हत्या, असं मात्र नाही. पहाटे जात्यावर बसलेली बाई सासुरवास सांगत होती, मार सांगत होती, माहेरच्या वाटेकडे लागलेले डोळे सांगत होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगाव हिंडून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना कळतं, की बायकांपाशी शब्दांची वाण कधीच नव्हती. ऐकायला मात्र दगडाचं जातं होतं, नाहीतर शेजारी बसलेली, तेच भोगणारी दुसरी बाई. माहेर होतं, पण लग्न झालेली लेक तिथं चार दिवसांची पाहुणी. चार दिवस संपले की बाप किंवा भाऊ तिला समजूत घालून परत पोचवून यायचा. ज्यांना कुठंच जाता आलं नाही, त्यांच्यासाठी आपल्या भाषेनं एक वाक्प्रचार जपून ठेवला आहे, ‘विहीर जवळ करणं’. इतका नेहमीचा अनुभव होता, की त्याचा वाक्प्रचार झाला.

पुण्यात १८६३ साली अशीच एक विहीर पोलिसांपर्यंत गेली. काशीबाई नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा जोतीराव फुल्यांच्या एका स्नेह्याच्या घरी स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्यानं तिला नादी लावलं, ती गरोदर राहिली आणि तो नामानिराळा झाला. लोकलाजेपायी तिनं जन्मलेलं मूल मारून विहिरीत टाकलं. तिच्यावर खटला चालला आणि अंदमानला जन्मठेपेवर जाण्याची शिक्षा झाली. ही हकिकत फुल्यांनी स्वतःच पुढे, १८८४ साली, लिहून ठेवली आहे. त्या काळात विधवेचा पुनर्विवाह कायद्यानं शक्य होता. १८५६ सालीच तसा कायदा झाला होता. पण काशीबाईला त्या कायद्याचा उपयोग काय होता? बाळंतपणाचे दहा दिवस डोकं टेकायला एक जागा मिळाली असती, तर ती खुनी ठरली नसती.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी ती जागा स्वतःच्या घरात केली. तेच बालहत्या प्रतिबंधक गृह. अशा विधवांनी इथं येऊन गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं असेल तर न्यावं, नाहीतर इथं ठेवून जावं, अशा अर्थाच्या जाहिराती त्यांनी पुण्यातल्या ब्राह्मणवस्तीत भिंतींवर लावल्या. आज वाचताना हे सोपं वाटतं. त्या वेळच्या पुण्यात भिंतीवर असं लिहिणं म्हणजे प्रत्येक अब्रूदार वाड्यात काय चाललं आहे ते चव्हाट्यावर मांडणं होतं. १८८४ पर्यंत पस्तीस विधवा तिथं येऊन गेल्या, असं फुल्यांनी नोंदवलं आहे. आई-मुलांची सगळी काळजी सावित्रीबाई घेत. अशाच एका विधवेच्या मुलाला या दांपत्यानं दत्तक घेतलं. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करतानाच सावित्रीबाई गेल्या, तेव्हा तोही त्याच कामात होता.

त्या गृहात एक गोष्ट विशेष होती. दारात आलेल्या बाईला ‘चूक कुणाची?’ असं आधी विचारलं जात नव्हतं. आधी आत घेतलं जात होतं. मदत केंद्रांचं काम कसं चालावं याबद्दल आज जे शिकवलं जातं, त्यातला पहिला धडा हाच आहे.

चूक कुणाची, हा प्रश्न मोठ्यानं विचारला तो बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अशाच बालहत्येच्या गुन्ह्याबद्दल फाशी सुनावली गेली. ती पुढे कमी झाली, पण वर्तमानपत्रांतून एकूण स्त्रीजातीच्या अनीतीवर टीकेची झोड उठली. ताराबाईंनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे छोटंसं पुस्तक लिहून उत्तर दिलं. बाईच्या माथी जे जे दोष मारले जातात, ते पुरुषाच्या अंगी किती आहेत, याचा त्यांनी हिशेबच मांडला. विधवेला फसवणारा पुरुष गावात ताठ मानेनं हिंडतो आणि शिक्षा तिला, हा कुठला न्याय, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. हे पुस्तक नंतर विस्मृतीत गेलं. स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा प्रकाशित केलं, तेव्हा मधे ९३ वर्षं गेली होती.

याच सुमारास दुसरं एक दार उघडलं. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं. विधवेला नुसता निवारा देऊन भागणार नाही, तिला चार पैसे मिळवता आले पाहिजेत, हे त्यांनी ओळखलं होतं. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे. धर्मांतराच्या वादात १८९३ साली अनेक पालकांनी आपल्या मुली सदनातून काढून घेतल्या. तरीही रमाबाईंचं काम थांबलं नाही. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुली-बायकांना आणून त्यांनी केडगावला मुक्ती सदन उभं केलं. मग कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम आला, रमाबाई रानड्यांचं सेवासदन आलं. शिकून शिक्षिका आणि परिचारिका झालेल्या पहिल्या पिढीतल्या कितीतरी बायका याच दारांतून बाहेर पडल्या.

आता ही सगळी दारं नीट पाहिली तर ती मुख्यतः कुणासाठी होती? विधवांसाठी. जिचा नवरा जिवंत आहे, कुंकू शाबूत आहे, तिनं कुठं जायचं? तिच्या दुःखाला समाज दुःख मानायलाच तयार नव्हता. ते तिचं सौभाग्य होतं.

ही बाजू उघडी पाडली रखमाबाईंनी. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचं लग्न दादाजी भिकाजींशी झालं. त्या आईजवळ आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडे वाढल्या, शिकल्या आणि नवऱ्याच्या घरी नांदायला जायला त्यांनी नकार दिला. १८८४ साली दादाजी मुंबई हायकोर्टात गेले. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूनं दिला. अजाण वयात झालेल्या लग्नासाठी एखाद्या तरुण स्त्रीला तिच्या मनाविरुद्ध पुरुषाच्या घरी पाठवणं त्यांना मान्य नव्हतं. वरिष्ठ न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला, की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ साली दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट इथं त्यांनी आयुष्यभर बायकांवर उपचार केले.

रखमाबाईंच्या पाठीशी शिकलेलं घर होतं, इंग्रजी वर्तमानपत्रांत लिहिण्याची ताकद होती, मित्र होते. १८९० साली कलकत्त्यात अकरा वर्षांची फुलमणी नवऱ्याच्या बळजबरीनं मेली, तिच्यापाशी यातलं काही नव्हतं. तेव्हा संमतिवयाची कायद्यातली मर्यादा दहा वर्षं होती. म्हणून नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हाच बसला नाही. त्याला एक वर्षाची शिक्षा झाली. १८९१ साली ही मर्यादा बारा झाली. त्यावर महाराष्ट्रात जो गदारोळ उठला तो प्रसिद्धच आहे. टिळक विरोधात, भांडारकर आणि तेलंग बाजूनं. दोन्हीकडून शास्त्रार्थ झाले. फुलमणीच्या वयाच्या मुलीला काय वाटतं, हे मात्र या वादात कुणी विचारलं नाही.

स्वातंत्र्य आलं, मतदानाचा हक्क मिळाला, विवाहाचे कायदे बदलले, १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला. घराच्या आत काय घडतं, हे मात्र घरगुतीच राहिलं. आणि घराबाहेर, जिथं न्याय मागायचा, तिथं काय होत होतं, हे १९७२ च्या एका घटनेनं दाखवलं.

त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजची ही घटना. मोलमजुरी करणारी एक आदिवासी मुलगी, वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. भावानं दिलेल्या एका तक्रारीसंबंधी जबाब द्यायला ती रात्री पोलीस चौकीत आली. जबाब झाला, बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं, तिला थांबवून घेतलं. तिची माणसं चौकीबाहेर उभी असताना आतले दिवे मालवले आणि दार लावलं. दोन पोलिसांवर खटला भरला गेला. सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोषी धरलं आणि सांगितलं, की भीतीनं निमूट राहणं म्हणजे संमती नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली त्यांना पुन्हा निर्दोष सोडलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती असली पाहिजे, असा त्या निकालाचा रोख होता. ज्या दाराशी मदतीसाठी जायचं, तेच दार आतून लावून घेतलेलं होतं. अशा वेळी तिनं ओरडून कुणाला बोलवायचं होतं?

हाच प्रश्न १९७९ च्या सप्टेंबरात चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहून विचारला. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. १९८० च्या ८ मार्चला ठिकठिकाणी मोर्चे निघाले. मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला. १९८३ साली कायदा बदलला. पोलिसांच्या किंवा तशाच ताब्यात असलेल्या स्त्रीवर अत्याचार झाला आणि तिनं ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, तर न्यायालयानं तिचं म्हणणं खरं धरून पुढे जायचं, असं ठरलं. पीडितेची ओळख छापण्यावर बंदी आली. ‘मथुरा खटला’ या नावानं हे प्रकरण ओळखलं जातं. निकाल तिच्या विरुद्ध लागला, पण तिच्यामुळे बदललेल्या कायद्याचा आधार पुढच्या सगळ्या बायकांना मिळाला.

त्याच वर्षांत वर्तमानपत्रात चार ओळींची एक बातमी वरचेवर येई, ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’. स्टोव्ह नेमका नव्या सुनेच्याच हाती का भडकतो, सासूच्या का नाही, असं बायकांच्या संघटना रस्त्यावर येऊन विचारू लागल्या. १९८२ साली पुण्यातल्या तरुण विवाहितेच्या संशयास्पद मृत्यूनं मध्यमवर्गाला हादरा बसला, कारण ते घर त्यांच्यासारखंच होतं. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच सुरू केला तो याच काळात. स्त्री मुक्ती संघटनेचं ‘मुलगी झाली हो’ हे नाटक १९८३ पासून वस्त्यांमधून, गावांमधून फिरू लागलं. प्रयोग संपल्यावर बायका मागे थांबत आणि आपलं बोलू लागत. लग्नानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीचा मृत्यू झाला तर शवविच्छेदन, विवाहितेच्या छळाबद्दलचं कलम ४९८ अ आणि १९८६ साली हुंडाबळीचं स्वतंत्र कलम, हे सगळं त्या आंदोलनातून आलं. २०२४ च्या जुलैपासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेनं घेतली. त्यात कलमांचे आकडे बदलले असले, तरी छळाचा गुन्हा गुन्हाच आहे.

कलम झालं, पण चौकीची पायरी चढायची कशी? तिथं गेलं की ‘नवरा-बायकोचं भांडण आहे, घरी जा’ हेच ऐकायला मिळायचं. यावर एक साधा आणि नामी उपाय मुंबईत निघाला. टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ साली मुंबई पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. बसायला प्रशिक्षित समाजसेविका, जागा पोलिसांची. बाईचं ऐकून घ्यायला माणूस मिळालं आणि त्या माणसाच्या पाठीशी पोलिसांचा अधिकारही आला. पुढे राज्य सरकारनं हे काम स्वीकारलं आणि असे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत झाले.

दुसरं दार दवाखान्याचं. मार खाल्लेली बाई पोलिसांकडे गेली नाही तरी टाके घालायला दवाखान्यात जाते. तिथं सांगते, ‘न्हाणीघरात पाय घसरला.’ डॉक्टरही तेच लिहून घेतात. २००० साली मुंबई महापालिका आणि सेहत ही संस्था यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र काढलं. परिचारिकांना आणि डॉक्टरांना जखमेमागची गोष्ट ओळखायला शिकवलं आणि तिथंच बोलायला एक खोली दिली. बाईला दवाखान्यात जायला कुणाची परवानगी लागत नाही आणि संशयही येत नाही, हे त्यातलं खरं मर्म. पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही ही केंद्रं सुरू झाली.

या सगळ्या दारांत एक गोष्ट सारखी होती. सुरक्षित व्हायचं तर घर सोडायला लागायचं. मारणारा घरात आणि मार खाणारी आश्रमात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानं हा रिवाज पहिल्यांदा उलटवला. हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. घर नवऱ्याच्या नावावर असो वा नसो, जिथं ती नांदत होती तिथं राहण्याचा तिला हक्क आहे, असं त्यानं सांगितलं. सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घरालाही हे लागू होऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. मारहाणीबरोबर शिवीगाळ, धमकी, लैंगिक जबरदस्ती, पगार काढून घेणं, घरखर्च तोडणं यांनाही कायद्यानं हिंसा म्हटलं. बायकोसोबत आई, बहीण, मुलगी यांनाही तो आधार दिला.

मग आता सारं ठीक आहे का? २०१९ ते २०२१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या अवघ्या १४ टक्के. तीन-चतुर्थांशाहून जास्त जणींनी ती गोष्ट कधी कुणाला सांगितलीही नव्हती. शिवाय कायद्यातही काही दारं बंदच आहेत. रखमाबाईंना ज्या ‘नांदायला पाठवण्याच्या’ दाव्याखाली कोर्टात खेचलं, तो दावा हिंदू विवाह कायद्यात अजूनही आहे. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं तो वैध ठरवला. तुरुंगाची भीती गेली, दावा राहिला. आणि सज्ञान पत्नीवरची नवऱ्याची बळजबरी नव्या न्याय संहितेतही बलात्कार मानली जात नाही.

म्हणून आज कोणती दारं उघडी आहेत, हे प्रत्येक घरात माहीत हवं. तातडीच्या वेळी ११२. महिलांसाठीची हेल्पलाइन १८१. जिल्ह्याच्या ठिकाणी ‘सखी’ वन स्टॉप सेंटर असतं, तिथं तात्पुरता निवारा, उपचार, समुपदेशन आणि वकिलाचा सल्ला एकाच छताखाली मिळतो. जिल्हा व तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडून प्रत्येक स्त्रीला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. त्यांचा क्रमांक १५१००. गुन्हा कुठंही घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवून घ्यावीच लागते. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीला कोणतंही रुग्णालय, सरकारी वा खासगी, मोफत उपचार नाकारू शकत नाही.

आणि जे शेजारी आहेत, भाऊ-वडील आहेत, मैत्रिणी आहेत, त्यांनाही काही करता येतं. २००५ च्या कायद्यानुसार हिंसेची माहिती संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही देऊ शकतं, आणि प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल कारवाई होऊ शकत नाही. ती सांगायला लागली, तर मधे तोडू नये. ‘तूच जरा समजून घे’ म्हणू नये, तसंच ‘आत्ताच्या आत्ता घर सोड’ असा हुकूमही सोडू नये. घर सोडण्याच्या क्षणी मारणारा सर्वांत जास्त चवताळलेला असू शकतो, म्हणून कधी आणि कसं निघायचं ते तिला ठरवू द्यावं. तिच्या कागदपत्रांच्या, दवाखान्याच्या चिठ्ठ्यांच्या प्रती आपल्याकडे ठेवून घ्याव्या. मुलांची एक रात्र झोपायची सोय करावी. डॉक्टरांना जखमेचं खरं कारण सांगायला तिला धीर द्यावा.

फुले दांपत्यानं १८६३ साली दार उघडलं, तेव्हा ना कायदा त्यांच्या बाजूला होता, ना सरकार, ना शेजारपाजार. होती ती दोन-चार खोल्यांची जागा आणि आलेल्या बाईला आत घ्यायची तयारी. माहेरी आलेल्या लेकीनं चार दिवस संपल्यावर ‘आणखी थोडं राहू का?’ असं विचारलं, तर पिशवी भरायला घेण्याआधी तिला आपल्या शेजारी बसवून का, एवढं विचारायला तर कुणाच्याही घरात जागा असते.